मागच्या सीटवरून दिसलेलं गणित

अन्विता मगदूम भांडायला उभी राहिली की कॉलेजच्या सायकल स्टँडवरचा वॉचमनसुद्धा खुर्ची मागे सरकवून घ्यायचा. आणि त्या दुपारी तर ती मैत्रिणीसाठी भांडत होती. मग काय, विचारूच नका!

"परत म्हण," ती म्हणाली. "एकदाच. मला नीट ऐकू आलं नाही."

"डबलसीट," सुयोग चौगुलेनं हेल्मेटचा पट्टा लावता लावता पुन्हा म्हटलं. "त्यात चिडायचं काय? मार्क बोलतात की. तुला ब्याण्णव, तुझ्या जोडीदारणीला अडतीस. पॅडल तू मारतीस, ती मागं बसून भडंग खातीय."

"आणि तुझ्या जोडीत दोघंही मागच्या सीटवर बसलाय. सायकल भिंतीला टेकून उभी आहे!"

स्टँडवर हशा पिकला. सुयोगनं गाडी काढली. अन्वितानं विजयी मुद्रेनं मागे वळून पाहिलं, तर नाझनीन जमादार भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी. उंच, काटकुळी, बोलण्यात भलती कंजूष अशी ही मुलगी पाचवीपासून अन्विताच्या बाकावर बसत आली होती.

"चल की गं, अन्वे. डोकं दुखतंय माझं."

तिचं डोकं गेलं वर्षभर दुखतच होतं.

आता ही जोडीची भानगड काय, ते सांगायला हवं. फार पूर्वी शास्त्रज्ञांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. एक माणूस काही समजावून सांगत असतो आणि दुसऱ्याला ते खरोखर समजत असतं, तेव्हा दोघांच्या मेंदूंतल्या विजेच्या लहरी एका तालात चालू लागतात. समजत नसेल तर ताल जुळत नाही, मग मान कितीही डोलवा. पुढे कुणाला तरी उलटा प्रश्न सुचला: समजलं की ताल जुळतो, तर आपणच ताल जुळवून दिला तर समजेल का?

समजलं! त्यातूनच लयपट्टी आली. कपाळावरून दोन्ही कानांमागे जाणारी, केसांच्या बँडएवढी पट्टी. ती एकीच्या लहरी टिपून नाजूक विजेच्या ठोक्यांनी दुसरीच्या मेंदूला तो ताल धरायला लावते, आणि त्याच वेळी दुसरीचा ताल पहिलीला. गणितं काही इकडून तिकडे वाहत नाहीत हं. सूत्र पाठ नसेल तर पट्टी लावूनही आठवत नाही. येते ती रीत: कुठे बघायचं, कुठे थबकायचं, कशाचा संशय घ्यायचा. पट्टी उतरवल्यावरही तो ताल एक-दोन दिवस रेंगाळतो, म्हणून चाचण्या पट्टीशिवाय घेतल्या तरी फारसा फरक पडत नसे. सरकारनं अकरावी-बारावीच्या प्रगत गणिताला जोड्या लावून पट्ट्या दिल्या, आणि जो विषय शंभरात तिघं घेत तो तिसांनी घेतला. जोडीत कोण ओढतंय आणि कोण ओढलं जातंय, हे पट्टी दाखवत नसे. कुणाचं मन दुखू नये म्हणून. पण मुलं काय, मार्कांवरून ठरवायची.

नियम एकच कडक होता. लागोपाठ दोन चाचण्यांत चाळिसाच्या खाली गेलं की दसऱ्याच्या सुट्टीआधी विषय ठेवायचा की सोडायचा ते ठरवायचं. आणि नाझनीनची ही दुसरी चाचणी होती.

*

अन्विताला 'सोडणे' हा शब्दच सोसत नव्हता. कारण हा विषय म्हणजे काय, ते तिला विचारा! दहावीपर्यंत ती गणितात कशीबशी तरणारी पोरगी. बडबडीत पहिली, वक्तृत्वात ढाल, आणि गणिताचा पेपर आला की पोटात गोळा. दहावीच्या निकालादिवशी सगळ्या विषयांत गणितच खाली मान घालून बसलं होतं. नाझनीनलाही फार नव्हते. तिची तऱ्हाच वेगळी. ती नुसतं उत्तर लिहायची. पायऱ्या कुठायत म्हणून बाई विचारायच्या, तर म्हणायची, "पायऱ्या नव्हत्या बाई. एकदम दिसलं." पायऱ्यांचे मार्क जायचे. दोघींचे दहावीचे आकडे जवळपास सारखे आले, आणि म्हणूनच कॉलेजनं त्यांची जोडी लावली.

पट्टी लावल्याच्या पहिल्या आठवड्यातलं ते कोडं अन्विता जन्मात विसरणार नव्हती. आठ बाय आठ चौकटींचं एक अंगण. तिरक्या रेषेत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खांब, म्हणजे दोन चौकटी गेल्या. उरलेल्या बासष्ट चौकटी, दोन-दोन चौकटींच्या एकतीस फरश्यांनी झाकून दाखवा. माडीवर नाझनीनशेजारी बसून ती फरश्या मांडत होती, अशा नाही तर तशा. आणि अचानक, अगदी अचानक, तिला अंगण रंगीत दिसलं. बुद्धिबळाच्या पटासारखं, काळं-पांढरं. फरशी कशीही ठेवा, एक काळी आणि एक पांढरी चौकट झाकणार. आणि समोरासमोरचे कोपरे? एकाच रंगाचे! मग एक रंग जास्त उरणारच. जमणारच नाही, कधीच नाही, जगातल्या कुणालाच नाही!

ती ओरडलीच. खालून पप्पा पळत वर आले. विंचूबिंचू चावला की काय!

"पप्पा, जमत नाही! आणि का जमत नाही ते मला कळलं!"

पप्पांची मार्केट यार्डात हळदीची अडत. अंगाला, सदऱ्याला, नोटांनाही हळदीचा वास. त्या दिवसापासून ते पोत्यामागे दडलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा ओढून सांगायचे, "आमच्या सात पिढ्यांत तिसाच्या पुढचा पाढा कुणी बघितला न्हाई, आणि आता आमची अनू बघा!"

आणि अनू खरंच बघण्यासारखी झाली होती. ताठ मानेनं फळ्याजवळ जायची. पायऱ्या अशा सुरेख लिहायची की बाकीचे फोटो काढून घ्यायचे. 'ढ' हा शब्द तिच्या अंगावरून जुन्या फ्रॉकसारखा गळून पडला होता. मग जी मुलगी इतक्या अंधारातून इतक्या उजेडात आली, तिनं आपल्या मैत्रिणीला मागे टाकायचं? छे!

*

गणिताच्या डिग्रजे मॅडम चहात खारी बुडवत होत्या, तेवढ्यात अन्विता आत घुसली. मागून नाझनीन. तिला ओढून आणलं होतं हे स्पष्टच दिसत होतं.

"मॅडम, ही विषय सोडणार नाही."

"बरं. हिला बोलता येतं का?" मॅडमनी विचारलं.

"सोडते मॅडम," नाझनीन म्हणाली. "भूगोल घेते."

"ऐकू नका तिचं! दोन चाचण्यांत घसरली म्हणून काय झालं? मी आहे की. मी खेचते तिला."

मॅडमनी कप खाली ठेवला. दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. नाझनीनकडे जरा जास्तच वेळ.

"एक करता येईल," त्या म्हणाल्या. "दोघींच्या पट्ट्या आठवडाभर माझ्या कपाटात राहतील. मेंदू आपापल्या तालावर परत येऊ देत. मग दोघी वेगवेगळ्या खोल्यांत एक पेपर लिहा. नाझनीनला एकटीला किती जमतं ते कळेल, म्हणजे तिला ठेवायचं कसं ते ठरवता येईल. पण दोघींची तयारी पाहिजे."

"नको," नाझनीन म्हणाली. इतक्या जोरात की मॅडमचा चमचा बशीत वाजला. वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

अन्वितानं मात्र पट्टी काढून टेबलावर ठेवलीसुद्धा. मग नाझनीनच्या कपाळावरची हळूच सोडवून तिच्याशेजारी ठेवली. नाझनीननं तिचा हात धरला, आणि मग सोडून दिला.

बाहेर व्हरांड्यात नाझनीन म्हणाली, "तुला काय गरज होती?"

"तुझ्यासाठीच करतीय ना!"

"माझ्यासाठी करायचं असेल तर आत जा आणि नको म्हणून सांग."

"अगं भितीस काय एवढी? भोपळा मिळाला तरी मी आहे. तुला टाकून कुठं जाणार नाही मी."

गच्चीच्या कठड्यावर चढून हसणाऱ्या लहान पोराकडे बघावं तसं नाझनीननं तिच्याकडे बघितलं.

*

तो आठवडा अन्विताला सर्दीचा वाटला. नाक वाहत नव्हतं, ताप नव्हता, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं. बुधवारी ती एका सिद्धतेसमोर बसली. तिनं स्वतःच लिहिलेली, फोटो निघालेली. पहिली ओळ कळली. दुसरी कळली. तिसरीही कळली. पण पहिलीनंतर दुसरीच का लिहिली, ते काही केल्या उमगेना. एखाद्या घरात सगळ्या खोल्या आहेत, आणि दारंच नाहीत!

मागच्या दिवाळीत नाझनीन आजोळी विट्याला गेली होती तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा तिनं फराळाला दोष दिला होता. चकल्या जास्त झाल्या की मेंदू सुस्तावतो, असं काहीतरी. आता चकल्याही नव्हत्या. 'हवा बदललीय,' तिनं स्वतःला सांगितलं, आणि पुस्तक मिटलं.

नाझनीनचं मात्र डोकं दुखायचं थांबलं. शुक्रवारी दोघी पायी घरी चालल्या होत्या, तर ही बया चक्क गुणगुणत होती! रस्त्यावरच्या गटारीच्या झाकणासमोर थबकली. झाकण गोल का असतं, आणि गोल नसूनही आत न पडणारा दुसरा आकार कुठला, हे एकटीच पुटपुटत खडूनं फुटपाथवर काढत बसली. तीन फुगीर बाजूंचा एक विचित्र त्रिकोण निघाला.

"हा बघ! हाही पडणार नाही. दिसलं?"

"हो," अन्विता म्हणाली. तिला काहीही दिसलं नव्हतं.

नाझनीनचा चेहरा एकदम उतरला. तिनं चपलेनं तो त्रिकोण पुसून टाकला.

*

पेपर सोमवारी झाला. अन्वितानं पहिल्या प्रश्नाचं थोडं लिहिलं, दुसऱ्याचं सूत्र लिहिलं, आणि उरलेला वेळ ती पंख्याकडे बघत बसली. तिच्या पोटात गोळा आला. ओळखीचा, जुना, दहावीचा गोळा. इतके दिवस कुठं होतास रे, असं त्याला विचारावंसं वाटलं. तिला तेव्हाच कळलं. मॅडमनी बोलावण्याआधीच.

मॅडमनी खोलीचं दार लोटून घेतलं. "बस बाळा," त्या म्हणाल्या, आणि त्या 'बाळा'नं अन्विताचा धीर सुटला.

"मीच ना? डबलसीट मीच ना, मॅडम?"

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "लंबकाची दोन घड्याळं एकाच तुळईला टांगली की काही वेळानं दोन्ही एकाच लयीत हलतात. तुळईतून एकाचा हेलकावा दुसऱ्याला जातो. जे मागे असतं ते पुढे येतं. सगळे एवढंच सांगतात. पण जे पुढे असतं ना, ते मागे येतं. दोघं मधेच कुठेतरी भेटतात."

"म्हणजे तिचे अडतीस..."

"तिचे अडतीस आणि तुझे ब्याण्णव हे दोघींचे मिळून आहेत. तुला नीट मांडता येतं, पायऱ्या लिहिता येतात, भीती वाटत नाही. ते तुझं स्वतःचं आहे, ते कुणी नेणार नाही. म्हणून जे आलं ते तू चोख लिहिलंस. तिच्या वाट्याला दुखणारं डोकं आलं." मॅडमनी एक उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "चौथा प्रश्न. मला स्वतःला दोन पानं लागतात. तिनं सात ओळींत सोडवलाय, आणि या वेळी पायऱ्यांसकट. मी पंचवीस वर्षं शिकवतेय, अन्विता. असं मी पाहिलं नाही."

अन्वितानं त्या सात ओळी वाचल्या. पहिली कळली. दुसरी कळली. दारं नव्हती.

"संशोधन शाळेची परीक्षा फेब्रुवारीत आहे," मॅडम म्हणाल्या. "देशातून चाळीस मुलं घेतात. मी तुला विषय सोड म्हणणार नाही. तो हक्क मला नाही. दुसरी जोडीदारीण देता येईल तुला. पण तिथं पुन्हा हेच."

*

नाझनीन मैदानाच्या भिंतीवर बसली होती. अन्विता शेजारी जाऊन बसली. समोर खो-खो चालला होता.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून. विट्याला गेल्यावर डोकं थांबलं. मामूच्या अंगणात बसून मी एका दिवसात आख्खा धडा संपवला."

"आणि गप्प बसलीस! वर्षभर! लोकं तुला काय काय बोलली, मी त्यांच्याशी भांडत सुटले... नाझे, मी किती येडी दिसले असेन गं!"

"लई गोड दिसायचीस," नाझनीन म्हणाली. हसू येता येता राहिलं. "सुयोगची सायकल भिंतीला टेकवलीस ते तर भारीच होतं."

"चेष्टा करू नकोस. का नाही सांगितलंस?"

नाझनीननं भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडलं. इतकं लांबलचक ती कधी बोलली नव्हती, म्हणून अडखळत बोलली.

"लहानपणापासून मला काहीतरी दिसतं, आणि मी वळून बघते, तर मागं कुणीच नसतं. अम्मीला सांगायला जावं तर ती म्हणते, जेवलीस का. बाईंना सांगावं तर म्हणतात, पायऱ्या कुठायत. मग त्या अंगणाच्या कोड्यावर तू ओरडलीस. आठवतंय? मला दिसलं आणि त्याच क्षणी तू ओरडलीस. पहिल्यांदा मागं कुणीतरी होतं गं. त्याच्यापुढं डोकेदुखी काय! गोळी घेता येते."

अन्विताला रडू आवरेना.

"ऐक माझं," नाझनीन तिचा हात घट्ट धरून म्हणाली. "मी विषय सोडते. कागदावर. पट्ट्या तुझ्याकडं राहतील. रोज संध्याकाळी घरी लावू. तुझे ब्याण्णव राहतील, काकांचं मार्केट यार्डातलं कौतुक राहील, आणि मला दिसेल ते तुला दिसेल. कुणाला कळतंय? मॅडम बोलायच्या नाहीत. मी पाया पडीन त्यांच्या."

इथं अन्वितानं नाही म्हणायला हवं होतं. गोष्टीतल्या मुली असं लगेच म्हणतात. पण अन्विताच्या डोळ्यांसमोर तो कापूस आला, तो पंखा आला, आणि पुन्हा जन्मभर खाली मान घातलेली ती स्वतः आली. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "चालेल."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माडीवर त्यांनी पट्ट्या लावल्या. मॅडमनी काही न विचारता दिल्या होत्या.

थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, लोडशेडिंगनंतर आधी एका खोलीतला आणि मग घरभरचा दिवा लागावा, तसं झालं. कापूस विरला. दारं आली, प्रत्येक खोलीला! अन्विताला हसू फुटलं. तिला नाचावंसं वाटलं. मॅडमकडून आणलेली नाझनीनची उत्तरपत्रिका तिनं पुढ्यात ओढली आणि चौथा प्रश्न वाचायला घेतला.

आणि तिला ते दिसलं. वर्तुळं एकमेकांना किती ठिकाणी छेदतात, असा तो प्रश्न होता. सगळं जग छेदनबिंदू मोजत बसलं असतं. नाझनीननं बिंदूंकडे पाठ फिरवली होती. तिनं मधल्या मोकळ्या जागा मोजल्या होत्या. फक्त रिकाम्या जागा! आणि तिथून उत्तर आपल्या पायांनी चालत आलं होतं. इतकं साधं, इतकं सुंदर, की अन्विताच्या अंगावर काटा आला.

"नाझे! अगं, तू रिकाम्या जागा मोजल्यास!"

"हं?" नाझनीननं कपाळ चोळत पेपरावर नजर टाकली. "थांब. हो... मोजल्या होत्या." तिनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. "इथून पुढं कशी गेले मी? काल एकदम दिसलं होतं. एक मिनिट हं. येईल."

आलं नाही. अन्विता बघत राहिली. नाझनीन डोळे बारीक करून, एका हातानं कानशील दाबून स्वतःच्याच सात ओळींच्या दारात उभी होती, आणि दार उघडत नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तुला कळलं ना पण? सांग की. मला सांग, मी काय केलं होतं ते."

आणि अन्वितानं सांगितलं. शांतपणे, पायरी पायरीनं. तिला मांडता येत होतंच. नाझनीन लक्ष देऊन ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, "भारीय गं." जणू दुसऱ्याच कुणाचं.

खाली पप्पा कुणाला तरी फोनवर सांगत होते, "न्हाई न्हाई, पोरी वर अभ्यासाला बसल्यात. प्रगत गणित!"

अन्विताला त्या क्षणी जे कळलं ते फार स्पष्ट कळलं, आणि कळण्याचा तो स्पष्टपणासुद्धा तिचा नव्हता. नाझनीन एकटी जिथवर गेली होती, तिथवर दोघी मिळून कधीच जाऊ शकणार नव्हत्या. पट्टी असेल तर अन्विता खालून वर येणार, नाझनीन वरून खाली, आणि दोघी मधल्या पायरीवर एकमेकींचा हात धरून बसणार. ऊब असेल तिथं, फार ऊब. पण वरचं कुणालाच दिसणार नाही.

तिनं आपली पट्टी काढली. मग नाझनीनची.

"झालं एवढ्यात?" नाझनीननं विचारलं.

"हो," अन्विता म्हणाली. "झालं."

*

विषय बदलायचा अर्ज तिनं दुसऱ्याच दिवशी सकाळी दिला, डोक्यात तो उजेड रेंगाळत होता तोवर. विझल्यावर आपल्यात एवढं धाडस उरेल याची तिला खात्री नव्हती. क्लार्कनं विचारलं, "ब्याण्णववाली तूच ना? आणि तू सोडतीस?" तिनं सही केली.

पप्पांना आधी खरं वाटलंच नाही. मग ते चिडले. "जमतंय ते सोडतंय का कुणी? लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, तिला जमत नव्हतं म्हणून."

"पण जमत होतं की गं! मी बघितलंय की तुला. त्या दिवशी तू ओरडलीस, मी पळत वर आलो..." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हळदीचा वास आला, आणि मग ती जी रडली, ती त्यांनी काही विचारणं सोडून दिलं तरी रडतच राहिली.

पण खरा घाव नाझनीनकडून बसला. अन्विताला वाटलं होतं, ती रागावेल, मग समजून घेईल. व्हरांड्यात तिनं अन्विताला गाठलं तेव्हा तिच्या हातात तो अर्ज मागे घेण्यासाठीचा दुसरा, कोरा अर्ज होता.

"भर."

"नाही भरणार."

"मी विचारलं होतं का तुला? सोड म्हणाले होते का? डोकं माझं, दुखणं माझं, मी बघीन की काय करायचं ते!"

"नाझे, तू त्या तिसऱ्या ओळीवर अडकलीस. तुझ्याच ओळीवर."

"अडकू दे की! शंभर ओळींवर अडकू दे!" ती ओरडली. वर्ग सुरू होते, दोन-तीन खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "तू म्हणाली होतीस, टाकून कुठं जाणार नाही. तूच म्हणाली होतीस, अन्वे."

भांडणात कधी न हरणारी अन्विता इथं हरली. मागच्या सीटवर बसलेल्यानं उतरावं, म्हणजे पुढच्याला चढ चढता येईल, इतकं ते सरळ होतं. पण पुढच्यानं पॅडल मारलं होतं ते मागे कुणीतरी आहे म्हणूनच. हे तिला कळत होतं, आणि तरी ती हलली नाही. नाझनीननं तो कोरा अर्ज चुरगळून तिच्या पायाशी टाकला आणि ती गेली.

*

नाझनीनची संशोधन शाळेत निवड झाली. गावात बोर्ड लागले, सुयोग चौगुलेनं त्यावर स्वतःचाही फोटो घुसडला. पुढच्या वर्षी मेच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा अन्विता तिला बस स्टँडवर आणायला गेली. अबोला कधीच संपला होता. सणाला फोन व्हायचे, वाढदिवसाला व्हायचे. अन्विता आता भूगोल शिकत होती, नद्या आणि पूर यांवर तावातावानं भाषणं द्यायची, बक्षिसं आणायची. बरं चाललं होतं तिचं.

बसमधून उतरली ती नाझनीन वेगळीच होती. पाठ सरळ, डोळे लखलखीत, कपाळावर आठी नाही. दोघी बाकावर टेकल्या आणि तिला धीरच धरवेना.

"अन्वे, तुला एक सांगू? तिथं कुणाला अजून बोलले नाही. गाडीत दिसलं मला, कऱ्हाडच्या जवळ."

"सांग की!"

तिनं सांगायला सुरुवात केली. बोटांनी हवेत काहीतरी उभं केलं, ते वळवलं, त्याच्या आत दुसरं काही ठेवलं. भराभर, आनंदानं, श्वास न घेता. अन्विता डोळे मोठे करून ऐकत होती. सगळा जीव कानांत आणून. जिथं आवाज चढला तिथं तिनं मान हलवली, जिथं नाझनीन थांबली तिथं 'मग?' म्हटलं. पहिली गोष्ट कळली. दुसरी कळल्यासारखी वाटली. त्यानंतर फक्त नाझनीनचा चेहरा दिसत राहिला, कुठल्यातरी फार उंच ठिकाणी उन्हात उभा असलेला.

मधेच नाझनीननं तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिची हवेतली बोटं थांबली, आणि तिनं हात हळूच मांडीवर आणून ठेवला.

"थांबलीस का? सांग की पुढं," अन्विता म्हणाली. "नाझे, मला नाही कळलं तरी सांग. मी ऐकते."

"नको गं, अजून कच्चं आहे," नाझनीन म्हणाली. ती हसली, अगदी मायेनं हसली. पाहुण्यांशी, नातेवाइकांशी, अम्मीशी हसावं तशी. मग तिनं अन्विताचा हात हातात घेतला, थोपटला, आणि म्हणाली,

"बाकी काय म्हणतीस?"